एकाच नंबरचा धागा, मग रंग दोन का?



आज आपण रेशमी धाग्याविषयी बोलणार आहोत. बांगडीवर गुंडाळतो तो, ब्लाउजवर आरी वर्क करतो तो, लटकन आणि गोंडे बांधतो तो. आपल्या बोरगाव मेघेतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांशी बोलताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ताया म्हणतात, "दुकान तेच, नंबर तोच, पण दुसऱ्यांदा आणलेला धागा पहिल्याशी जुळतच नाही. दुकानदार फसवतो का आम्हाला?"

प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्यात पैसा अडकलेला असतो. समजा, लग्नसराईत एका गटाला ३० जोड बांगड्यांची ऑर्डर मिळाली. एका जोडाचे ३५० रुपये, म्हणजे १०,५०० रुपयांचं काम झालं. गटाने आधी १४ रीळ आणले. काम अर्ध्यावर आलं, धागा संपला, म्हणून आणखी ६ रीळ आणले. घरात रात्री दिव्याखाली सगळं सारखं दिसलं. मंडपात दिवसाच्या उजेडात ८ जोड वेगळेच उठून दिसले. ग्राहकाने ते परत केले की २,८०० रुपये गेले. त्यात आठ जोडांची मेहनत गेली आणि पुढची ऑर्डरही गेली.

याहून वाईट गोष्ट नंतर होते. गटात बोलाबोली सुरू होते. "तूच स्वस्तातला धागा आणला असशील," असं खरेदीला गेलेल्या बाईला ऐकावं लागतं. तिचा बिचारीचा काही दोष नसतो. रेशमाचा रंग का बदलतो हे सगळ्यांना माहीत असलं, तर असा आरोप कोणी कोणावर करणार नाही आणि नुकसानही टाळता येईल. म्हणून आज कारणं समजून घेऊ आणि उपायही पाहू.

रंग अळीपासूनच सुरू होतो

रेशीम म्हणजे अळीने स्वतःभोवती विणलेलं घर. त्या घराला आपण कोश म्हणतो, आणि आपल्या पूर्व विदर्भात कोसा. सगळे कोश एका रंगाचे नसतात.

तुतीचा पाला खाणारी अळी घरात, शेडमध्ये पाळतात. तिचे कोश पांढरे असतात किंवा पिवळे असतात. ते तिच्या जातीवर ठरतं. पिवळा रंग येतो तुतीच्या पाल्यातून. गाजराला आणि पपईला रंग देणारी द्रव्यं पाल्यातही असतात, ती अळीच्या पोटातून कोशात उतरतात.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दुसरं रेशीम होतं, ते म्हणजे टसर. त्याची अळी जंगलात, येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते. येन म्हणजे पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात ते झाड. तिकडे मासेमारी करणारा ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या कोसाही पाळत आला आहे. या कोशाचा रंग मातकट, मधासारखा किंवा राखाडी असतो. झाड कोणतं, पाला कोवळा की जून, पाऊस जास्त की ऊन जास्त, पीक कोणत्या महिन्यातलं, यावर तो थोडा फिका किंवा थोडा गडद होतो. एका झाडाच्या आंब्यांतही दोन आंबे सारखे नसतात, तसंच हे.

आता यातला महत्त्वाचा भाग ऐका. अळी दोन गोष्टी एकत्र सोडते, आत रेशमाचा तंतू आणि वर डिंकासारखा थर. तुतीच्या पिवळ्या कोशात रंग मुख्यतः या डिंकात असतो. डिंक धुतला की पिवळेपणा जातो आणि आतून पांढरं रेशीम निघतं. टसरमध्ये मात्र रंग तंतूतही मुरलेला असतो. कितीही धुतलं तरी तो पुरता जात नाही. म्हणून टसरवर कोणताही रंग चढवला तरी खालचा मातकटपणा त्यात मिसळतोच. निळा चढवला तर तो जरा हिरवटाकडे झुकतो, गुलाबी जरा विटकरी दिसतो.

डिंक किती निघाला, त्यावर बरंच ठरतं

कच्चं रेशीम हातात घेतलं तर खरखरीत लागतं, मऊ लागत नाही. तो डिंक असतो. साबणाच्या पाण्यात, उकळीच्या जरा खाली, तास-दीड तास ठेवून तो काढतात. तुतीच्या रेशमात साधारण पाव हिस्सा वजन डिंकाचं असतं. म्हणजे १०० ग्रॅम कच्चं रेशीम धुतलं की ७५ ग्रॅमच्या आसपास उरतं. कच्चा धागा विकत घेऊन स्वतः धुणाऱ्या गटांनी हा हिशेब आधीच धरायला हवा, नाहीतर धागा कमी पडतो आणि मग दुसऱ्यांदा खरेदी करावी लागते.

डिंक जिथे राहून गेला, तिथे रंग नीट शिरत नाही. धागा मंद दिसतो, चमक येत नाही. एकाच गंजात वरच्या लड्या कमी धुतल्या गेल्या आणि खालच्या जास्त, तर रंगात तो फरक जसाच्या तसा उतरतो. पोळीच्या पिठाला पाणी सारखं लागलं नाही तर एक पोळी मऊ आणि एक कडक होते, तसंच. लड्या दाबून भरू नका, त्या मोकळ्या तरंगल्या पाहिजेत आणि दर पाच-दहा मिनिटांनी वर-खाली केल्या पाहिजेत. धुण्याचा सोडा मात्र सांभाळून वापरायचा. जास्त झाला तर रेशीम कुजल्यासारखं होतं आणि सुईत ओवताना तुटतं.

पाणी, भांडं आणि वजनकाटा

आपल्याकडे काळ्या दगडाची जमीन आहे आणि बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड लागतं. ओळखायला सोपं आहे. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो धाग्यावर बसतो आणि तिथे डाग पडतात. पाण्यात लोह असेल तर रंग काळसर होतो.

लोह रंग कसा काळा करतं हे आपल्याला स्वयंपाकघरात माहीत आहे. केसांना लावायचा आवळा आपण लोखंडी कढईत भिजवतो, आणि सकाळी तो काळाशार झालेला असतो. आवळा, हिरडा, डाळिंबाची साल यांत तुरट द्रव्य असतं. त्याला लोह भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस मिसळून जुन्या काळी शाई करत, ती याच कारणाने. मग डाळिंबाच्या सालीने पिवळा करायला घेतलेला धागा लोखंडी भांड्यात घातला, तर तो शेवाळी किंवा करडा निघणारच. रंगवायला स्टीलचं भांडं घ्या, आणि ते रंगासाठीच वेगळं ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. पाणी पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. ते नसेल तर निदान सगळी ऑर्डर एकाच विहिरीच्या किंवा एकाच नळाच्या पाण्यात रंगवा.

आंबट आणि खारट पाण्यानेही रंग बदलतो. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रेशमाला लावायचे बाजारातले रंग बहुधा आंबट पाण्यात चढतात, म्हणून त्यात व्हिनेगारसारखं आम्ल घालतात. आम्ल एका वेळी चमचाभर आणि दुसऱ्या वेळी दोन चमचे घातलं, तर छटा बदलते.

आता मोजमाप. रंगाची पुडी "अंदाजाने" सोडायची नाही. आधी कोरडा धागा तोला. शंभर ग्रॅम धाग्याला दोन ग्रॅम रंग ठरवला असेल, तर अडीचशे ग्रॅमला पाच ग्रॅम. पाणीही मोजा, धाग्याच्या वजनाच्या तीस-चाळीस पट. ग्रॅम दाखवणारा लहान काटा गटाने एकदा घेऊन ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. धागा आधी साध्या पाण्यात भिजवून घ्या, कोमट पाण्यात सोडा आणि आच हळूहळू वाढवा. उकळत्या पाण्यात एकदम सोडला तर रेशीम रंग घाईने ओढून घेतं आणि चट्टे पडतात. एका गंजातून पहिला घाण निघाल्यावर त्याच पाण्यात दुसरा घाण टाकला तर तो फिका येतो, कारण बराचसा रंग पहिल्याने पिऊन घेतलेला असतो. म्हणून एका ऑर्डरचा धागा शक्यतो एकाच वेळी, एकाच गंजात.

लॉट नंबर म्हणजे काय

गिरणीतही हेच घडतं, फक्त गंज मोठा असतो. एका वेळी जेवढा धागा एका टाकीत रंगवला, त्याला एक लॉट म्हणतात. दुसऱ्या दिवशी तोच रंग, तेवढाच तोलून टाकला, तरी रेशीम, पाणी, तापमान यात किंचित फरक असतोच. त्यामुळे रिळावर दोन नंबर असू शकतात. शेड नंबर सांगतो कोणता रंग, आणि लॉट नंबर सांगतो कोणत्या वेळी रंगवलेला. आपण दुकानात फक्त पहिला नंबर सांगतो. दुसरा पाहत नाही, आणि तिथेच घोळ होतो.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की दुकानदार बहुतेक वेळा फसवत नसतो. त्याने तोच शेड दिलेला असतो, लॉट मात्र नवा असतो. आपण लॉट मागितला तर तो शोधून देईल. रिळावर लॉट नंबर छापलेला नसेल, तर एकाच खोक्यातले, एकाच पुडक्यातले रीळ मागा.

धागा खरंच रेशमाचा आहे का?

बांगड्यांसाठी बाजारात "सिल्क थ्रेड" म्हणून जो धागा मिळतो, तो पुष्कळदा रेशीम नसतो. तो रेयॉनचा किंवा पॉलिस्टरचा असतो. बांगडीसाठी तो वापरायला हरकत नाही, स्वस्त पडतो, चमकतो. पण ग्राहकाला "शुद्ध रेशीम" म्हणून सांगू नका. आणि एकाच कामात अर्धा रेशमाचा आणि अर्धा रेयॉनचा वापरू नका, कारण दोन्ही रंग वेगळ्या तऱ्हेने धरतात, वेगळे चमकतात आणि वेगळे विटतात.

ओळखायची जुनी रीत म्हणजे जाळून पाहणं. दोन-तीन इंच धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, पदर खोचून घ्या, लेकरांना दूर ठेवा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, आणि राख काळी, बोटांनी चुरगळणारी असते. रेयॉन कागदासारखा भरकन जळतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिस्टर वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. रेशमी कापड किंवा साडी घेताना "सिल्क मार्क" पाहता येतो. शुद्ध रेशमाची ही खूण केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केली.

उजेड बदलला की रंग बदलतो

दुकानात हिरवा वाटलेला धागा घरी आल्यावर निळसर दिसतो, हा अनुभव प्रत्येकीला आहे. रंग म्हणजे धाग्यावर पडून आपल्या डोळ्यांत येणारा उजेड. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. ट्यूबच्या आणि एलईडीच्या उजेडात काही रंग जास्त, काही कमी असतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले धागे एका उजेडात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. यात डोळ्यांचा दोष नाही.

रेशमात आणखी एक गंमत आहे. तुतीच्या रेशमाचा तंतू गोल नसून तिकोनी असतो, म्हणून तो आरशाच्या तुकड्यासारखा उजेड फेकतो. टसरचा तंतू जाड आणि चपटा असतो, त्याची चमक वेगळी. जास्त पीळ दिलेला धागा गडद आणि सैल पिळाचा उजळ दिसतो. रिळावर घट्ट गुंडाळलेला धागा गडद वाटतो, तोच एकटा धागा कापडावर टाकला की फिका वाटतो. आरी वर्कमध्ये पाकळी भरताना टाका आडवा घातला तर एक छटा आणि उभा घातला तर दुसरी. म्हणून एका नक्षीच्या सगळ्या पाकळ्या दोघी-तिघी मिळून भरणार असाल, तर टाक्याची दिशा आधी ठरवून घ्या. धागा एकच असूनही दोन हातांत काम वेगळं दिसण्याचं हे एक मोठं कारण आहे.

धागा निवडताना रीळ पाहून ठरवू नका. दुकानदाराला विचारून हातभर धागा काढा, पांढऱ्या कार्डावर दहा-बारा वेढे गुंडाळा, आणि दुकानाबाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात पाहा. थेट उन्हात नको, ऊन डोळे दिपवतं. ज्या कापडावर काम करायचं त्या कापडाचा तुकडा सोबत न्या. लालभडक साडीजवळ ठेवलेला हिरवा आणि पिवळ्याजवळ ठेवलेला तोच हिरवा, दोन्ही वेगळे भासतात.

मासे पकडणाऱ्यांचा पिवळा धागा

रंगाची ही अडचण फक्त आपलीच नाही. एक दूरची गोष्ट सांगतो. इंग्लंड-स्कॉटलंडकडे थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. आपल्या देशात काश्मीर-हिमाचलमध्येही तो मिळतो. तो पाण्यावरच्या किड्या-माश्यांना भुलतो. म्हणून तिथले लोक गळाच्या हुकावर पीस आणि रेशमी धागा बांधून नकली माशी तयार करतात. नखाएवढीच ती, पण धाग्याचा रंग चुकला तर मासा फसत नाही, असं ते मानतात.

त्यातली एक माशी फार प्रसिद्ध आहे, तिचं नाव ग्रीनवेल्स ग्लोरी. विल्यम ग्रीनवेल नावाच्या धर्मगुरूंसाठी जेम्स राइट या कारागिराने ती १८५४ साली ट्वीड नदीवर बांधली. तिच्यात पिवळा रेशमी धागा असतो, पण माशी पिवळी दिसत नाही. बांधण्याआधी धाग्यावर चांभाराचं गडद मेण घासतात, त्याने पिवळा धागा शेवाळी होतो. मेण कमी घासलं तर पिवळट, जास्त घासलं तर गडद. धागा एकच असला तरी हात बदलला की छटा बदलते. शिवाय मासा माशी पाहतो ती ओली, आणि ओलं रेशीम कोरड्यापेक्षा नेहमी गडद दिसतं. म्हणून जाणकार माणूस धागा ओला करून मगच रंग ठरवतो.

यातून आपल्यासाठी घेण्यासारखं एवढंच, की वस्तू जिथे आणि जशी दिसणार, तशीच ती आधी पाहायची. बांगडी रात्रीच्या स्वागत समारंभात घालायची असेल तर हॉलमधल्या उजेडात पाहा. तान्ह्या पोळ्याच्या नंदीचे गोंडे असतील तर अंगणातल्या उन्हात पाहा. रंगवलेल्या लड्या गंजातून काढताना ओल्या असतात, तेव्हा त्या गडद दिसणारच. वाळल्याशिवाय "जास्त झाला" म्हणून घाबरून धुवत बसू नका.

जो रंग बदलतो, त्याची आधीच परीक्षा घ्या

१८५६ साली लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग सापडला. तिथून कारखान्यातले रंग सुरू झाले. त्याआधी सगळं जग पानं, फुलं, मुळं, साली आणि किडे यांच्याच रंगात रंगत होतं. आपल्याकडे पळसाची फुलं, डाळिंबाची साल, हिरडा, मंजिष्ठा, लाख हे सगळं वापरात होतंच. आता पुन्हा नैसर्गिक रंगाला मागणी आहे. वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ला त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथे नैसर्गिक रंगाची खादी पाहायला मिळते. मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिच्यात खादी आणि वस्त्र विभाग आहे. गटाने एकदा मिळून जायला हरकत नाही, आपल्या घराजवळच आहे.

नैसर्गिक रंग असो की पुडीचा, दोन परीक्षा घरी होतात. पहिली उन्हाची. धागा कार्डावर गुंडाळा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका, आठ-दहा दिवस खिडकीत उन्हाला ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन रंग दिसले, तर तो रंग उन्हात टिकत नाही. हळदीचा टिकत नाही, ते लगेच दिसेल. दुसरी परीक्षा पाण्याची. रंगीत धागा पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळून ओला करा, वर वजन ठेवा, रात्रभर राहू द्या. चिंधीला रंग लागला तर तो धागा पांढऱ्या किंवा फिक्या ब्लाउजवर वापरू नका. एका धुण्यात ग्राहकाचा ब्लाउज खराब होईल आणि नाव गटाचं जाईल.

गटाने काय करायचं

आता सगळ्यात कामाची गोष्ट. हे पाच नियम गटाच्या बैठकीत वाचा आणि ठरावात लिहून घ्या.

एक. ऑर्डर घेताना पूर्ण धाग्याचा हिशेब करा, वर दहावा हिस्सा जास्त धरा. वीस रीळ लागणार असतील तर बावीस घ्या, आणि ते एकदमच घ्या. दोन रीळ उरले तर पुढे लटकनला कामी येतील. दोन कमी पडले तर मात्र अख्खं काम अडतं.

दोन. धाग्याची वही करा. प्रत्येक खरेदीला तारीख, दुकान, शेड नंबर, लॉट नंबर, भाव लिहा आणि बोटभर धागा चिकटपट्टीने चिकटवा. स्वतः रंगवत असाल तर धाग्याचं वजन, रंगाचं वजन, पाणी कुठलं, किती वेळ, हेही लिहा. वही कपाटात ठेवा, उजेडात राहिली तर चिकटवलेला धागाच विटेल. पुढे कोणी विचारलं, "हा वेगळा का?" तर वही उघडायची. मग खरेदीला गेलेल्या बाईवर बोट जात नाही.

तीन. नमुना मंजूर करून घ्या. एक बांगडी किंवा एक बुट्टा करून ग्राहकाला दिवसाच्या उजेडात दाखवा. कार्डावर धागा गुंडाळून त्याचे दोन भाग करा. एक ग्राहकाकडे, एक आपल्याकडे. दोन्हींवर तारीख आणि सही. मोबाइलवरच्या फोटोवर रंग ठरवू नका. प्रत्येक मोबाइल रंग वेगळा दाखवतो.

चार. इतकं करूनही दोन लॉट झालेच, तर ते आधीच ओळखा. दोन्ही लॉटचा धागा सुरुवातीपासून मिसळून वापरा, एक वेढा याचा आणि एक त्याचा, म्हणजे फरक डोळ्यांत भरत नाही. नाहीतर एक लॉट एका कामाला पूर्ण वापरा आणि दुसरा दुसऱ्या. एकीच्या दोन हातांतल्या बांगड्या तरी एकाच लॉटच्या असू द्या. ब्लाउजच्या दोन बाह्या एका लॉटच्या आणि पाठ दुसऱ्या लॉटची चालून जाते. एक बाही एका लॉटची आणि दुसरी बाही दुसऱ्याची, हे मात्र लगेच दिसतं.

पाच. हाताने रंगवलेल्या आणि नैसर्गिक रंगाच्या मालावर स्पष्ट लिहा की हा माल हाताने रंगवलेला आहे, छटेत थोडा फरक असू शकतो. हे ऑर्डर घेतानाच सांगायचं. माल परत आल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

जिथे फरकालाच किंमत आहे

शेवटी भंडारा-नागपूरकडच्या विणकरांचं उदाहरण. तिकडे करवतकाठी साडी विणतात. मधला पट टसरचा, त्याच्या मूळ मातकट रंगात, आणि काठ रंगीत, करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा. टसरचा धागा लडीगणिक थोडा वेगळा असतो, हे त्या विणकरांना माहीत आहे. लड्या आधी उजेडात मांडून, जवळजवळच्या छटा निवडून घेतल्या की पटावर फरक पट्ट्यासारखा दिसत नाही. जो बारीक फरक उरतो, तो पटभर पसरतो. त्याने कापडाला जिवंतपणा येतो आणि जाणकार ग्राहक त्याचेच पैसे देतो.

तेव्हा तुमच्याकडे टसरच्या कामाची ऑर्डर आली तर रंग सारखा करण्याच्या नादात त्याला ब्लीच करत बसू नका. धागा कमजोर होईल आणि टसरची ओळखही जाईल. ग्राहकाला सांगा की हा कोसा आहे, जंगलातला आहे, त्याचा रंग असाच असतो. एकसारखा गुलाबी हवा असेल, तर तुतीच्या रेशमाचा धागा सुचवा. कोणत्या कामाला कोणता धागा, हे आपण सांगू शकलो तर ग्राहक आपल्याशी भाव करताना दोनदा विचार करतो.

पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक गोष्ट करा. घरी पडलेले, उरलेले रीळ सगळ्यांनी घेऊन या. अंगणात सावलीला पांढरी चादर अंथरा. एकाच नंबरचे रीळ शेजारी-शेजारी मांडा आणि कार्डावर गुंडाळून पाहा. कोणते जुळतात, कोणते नाही, ते तिथेच कळेल. जुळणारे एका पिशवीत बांधा, पिशवीवर नंबर टाका, आणि धाग्याच्या वहीचं पहिलं पान त्याच दिवशी लिहा. लग्नसराईच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी एवढं झालं पाहिजे.